तह कोणाचा, घटना कोणाची?

औरंगजेबाचा बंडखोर मुलगा शहाजादा अकबर काही काळ डिचोलीत राहिला होता, आणि तिथली नमाजगाह त्यानेच बांधली असे आजही सांगितले जाते. वडिलांविरुद्ध १६८१ मध्ये केलेले बंड फसल्यावर तो राजस्थानातून दक्षिणेत उतरला आणि छत्रपती संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला. भतग्राम म्हणजे आजची डिचोली. मुळगाव, मये, शिरगाव, लामगाव ही तिच्या आसपासची गावे. १६८३ च्या अखेरीस या मुलखाने मोठे युद्ध पाहिले. पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर फोंड्याच्या किल्ल्यावर चालून आला आणि हात हलवत परतला. नोव्हेंबर संपता संपता मराठ्यांनी एका रात्रीत जुवे बेट घेतले, डिसेंबरात साष्टी आणि बारदेशात त्यांच्या फौजा शिरल्या. गोवा शहर आता पडणार असे वाटत असतानाच औरंगजेबाचा दुसरा मुलगा शहा आलम रामघाट उतरून कोकणात आला, आणि दोन्ही बाजूंना तहाची निकड वाटू लागली. बोलणी झाली ती अकबराच्या मध्यस्थीने. मराठ्यांच्या बाजूने कवी कलश होते, पोर्तुगिजांच्या बाजूने मानुएल सराइव्ह द आल्बुकेर्क. १६८४ च्या सुरुवातीला कलमे ठरली: एकमेकांचा घेतलेला मुलूख परत करायचा, कैदी सोडायचे. तह कागदावर आला आणि कागदावरच राहिला. शहा आलमच्या फौजेने तर डिचोलीचीच राखरांगोळी केली.

अकबर मध्यस्थ म्हणून नालायक नव्हता. दोन्ही दरबारांत ज्याच्या शब्दाला वजन होते असा तो एकटाच होता. पण त्याचे स्वतःचे गरजेचे गाठोडे मोठे होते. मराठी फौज गोव्यात अडकून पडू नये, ती आपल्याबरोबर उत्तरेकडे निघावी, ही त्याची इच्छा. ते जमले नाही तर इराणला जायला जहाज हवे, म्हणून पोर्तुगिजांशीही बिघाड नको. पोर्तुगीज त्याच वेळी मोगलांशी सूत जुळवत होते. संभाजी महाराजांना शहा आलमकडे वळायला उसंत हवी होती. सगळ्यांनाच थोडा वेळ हवा होता आणि तेवढ्यापुरता तो तह कामाला आला. पुढे १६८७ मध्ये अकबर राजापूरहून जहाजात बसून इराणला गेला, तो परत आला नाही.

दोन राज्यांमधल्या युद्धाची ही हकीकत आहे. या पुस्तकाचा विषय त्याहून गुंतागुंतीचा. एखाद्या देशात आपलीच माणसे आपल्याच माणसांवर शस्त्र उगारतात, वर्षे जातात, कोणीच जिंकत नाही. मग बाहेरचा कोणी मध्ये पडतो: शेजारी देश, संयुक्त राष्ट्रे, एखादी महासत्ता, कधी नॉर्वेसारखा लांबचा लहान देश. तो भांडणाऱ्यांना एका टेबलाशी बसवतो. तिथे गोळीबार कधी थांबवायचा एवढेच ठरत नाही. राष्ट्राध्यक्ष कसा निवडायचा, प्रांतांना किती अधिकार द्यायचे, पोलिस कोणाच्या हुकुमात राहतील, शाळा-कचेरीची भाषा कोणती, हेही त्याच खोलीत ठरते. युद्धाचा तह आणि देशाची राज्यघटना एकाच बैठकीत लिहिली जाते. शीतयुद्ध संपल्यापासून ही पद्धत जगभर रूढ झाली आहे आणि तिच्यावर मराठीत फार थोडे लिहिले गेले आहे.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. बाहेरच्या मध्यस्थाने बंदुका थांबवाव्यात, दिल्या शब्दावर पहारा ठेवावा, पण घटनेची लेखणी त्या देशाच्या माणसांकडेच राहू द्यावी, मग कितीही वर्षे लागोत. आणि त्या खोलीत कोणाला बोलावले नाही हे त्याने रोज स्वतःला विचारावे. ज्यांना बाहेर ठेवले जाते ते कधी अर्ज घेऊन येतात, कधी बंदूक घेऊन. येतात मात्र नक्की.

हे पटायला मराठी वाचकाला बोस्नियापर्यंत जावे लागत नाही. १७०७ मध्ये औरंगजेब मेला, शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि मराठी राज्यात यादवी पेटली. खेडच्या लढाईनंतर शाहू साताऱ्यास गादीवर बसले. ताराबाईंनी पन्हाळा-कोल्हापूरकडे आपली गादी उभी केली. १७१४ मध्ये तिथेही उलथापालथ होऊन राजसबाईंचा मुलगा संभाजी छत्रपती झाला. वारसा एक, गाद्या दोन, आणि सरदार आज इकडे तर उद्या तिकडे. या भांडणात बाहेरच्यांनी दोनदा हात घातला. १७०९ मध्ये दोन्ही बाजू दक्षिणेच्या सरदेशमुखीची सनद मागायला बादशहा बहादूरशहाकडे गेल्या. त्याच्या दरबारातही तट पडले होते. झुल्फिकारखान शाहूंचा पाठीराखा, तर वजीर मुनीमखान ताराबाईंकडे झुकलेला. बादशहाने सांगितले की आधी आपसात निवाडा करून या, मग सनद देऊ. ऐकायला हे न्यायाचे वाटते. प्रत्यक्षात भांडण धगधगत ठेवण्याची ती युक्ती होती, आणि ती वीस वर्षे पुरली.

दुसरा मध्यस्थ निजामउल्मुल्क. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून स्वराज्य, चौथ आणि सरदेशमुखीच्या सनदा आणल्या होत्या. दक्षिणेच्या सहा सुभ्यांतून ही रक्कम शाहूंना मिळायची. निजामाने ती अडवली. सबब अशी की खरा छत्रपती कोण हेच आम्हांला कळत नाही. दोघांनीही आपले वकील पाठवावेत, आम्ही निकाल देऊ. तोवर पैसा आमच्याकडे. कोल्हापूरचे संभाजी महाराज त्याच्या गोटात गेले. १७२८ च्या आरंभी निजामाची फौज पुण्यात शिरली आणि संभाजी महाराजांच्या नावाची छत्रपती म्हणून द्वाही फिरली. लवाद म्हणून पुढे आलेला माणूस एका पक्षकाराला हत्तीवर बसवून दुसऱ्याच्या घरात शिरला होता. बाजीरावाने पुण्याच्या रक्षणासाठी मागे न फिरता निजामाच्याच मुलखात मुसंडी मारली, त्याला पालखेडच्या बाजूला ओढले आणि पाण्यावाचून कोंडले. ६ मार्च १७२८ च्या मुंगी-शेवगावच्या तहात निजामाला शाहूंचा हक्क मान्य करावा लागला, संभाजी महाराजांना पन्हाळ्यास जाऊ द्यावे लागले. बाजीरावाच्या युद्धकौशल्यावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले. घरच्या वादात परक्याचा निवाडा मानायचा नाही, हा त्या मोहिमेमागचा राजकीय निर्णयही मला तेवढाच मोठा वाटतो.

निवाडा झाला तो तीन वर्षांनी, आणि दोघा भावांनी समोरासमोर बसून केला. १७३० मध्ये वारणेकाठी कोल्हापूरकरांचा पराभव झाला. शाहूंना हवे असते तर ते पन्हाळ्याची गादी पुसून टाकू शकले असते. त्यांनी संभाजी महाराजांना कऱ्हाडजवळ जखिणवाडीस भेटीला बोलावले, मानाने वागवले, आणि १३ एप्रिल १७३१ रोजी वारणेचा तह झाला. त्याची नऊ कलमे आहेत. वारणेच्या दक्षिणेचा मुलूख, थेट तुंगभद्रेपर्यंत, कोल्हापूरला. कोपळचा किल्ला कोल्हापूरकडे आणि त्याच्या मोबदल्यात रत्नागिरी साताऱ्याकडे. मिरज आणि विजापूर प्रांतांतली ठाणी साताऱ्याच्या स्वाधीन करायची. वडगावचे ठाणे पाडून टाकायचे. तुंगभद्रेपलीकडे रामेश्वरापर्यंत जे मिळेल ते निम्मे निम्मे. एकाचा वैरी तो दुसऱ्याचाही वैरी. आणि एकाचा चाकर दुसऱ्याने ठेवायचा नाही.

हे चाकराचे कलम पुन्हा वाचण्यासारखे आहे. यादवी चोवीस वर्षे चालली याचे मोठे कारण म्हणजे रुसलेला सरदार रातोरात पलीकडे जाऊन जहागीर मिळवू शकत होता. दोन राजे भांडत होते त्याहून जास्त त्यांचे चाकर त्या भांडणावर जगत होते. बाहेरच्या मध्यस्थाला ही नस सापडली नसती, सापडली असती तर त्याने तिचा वापर केला असता. आत राहून पोळलेल्या माणसालाच ते कलम सुचू शकते. मुलूख वाटणे, किल्ल्यांची अदलाबदल, सैन्याची फूट थांबवणे, परकीय शत्रूबद्दल एक धोरण: आज ज्याला सत्तावाटपाचा करार म्हणतात त्याची बहुतेक सगळी अंगे या छोट्या तहनाम्यात आहेत. सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्यांत वारशावरून त्यानंतर पुन्हा तसे युद्ध पेटले नाही.

आमच्या डिचोलीच्या भागाचा संबंध सातव्या कलमाशी येतो. साळशीपलीकडचे कोकण अंकोल्यापर्यंत कोल्हापूरला दिले गेले. म्हणजे पेडणे, डिचोली, सत्तरी हे सगळे कागदोपत्री कोल्हापूरचे; प्रत्यक्षात इथे सावंतवाडीच्या सावंतांचा अंमल. त्या खोलीत सावंत नव्हते. कोल्हापूर आणि वाडी यांचे वैर पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालले आणि त्या वैरात तिसऱ्याचे फावले. १७८१-८२ मध्ये पोर्तुगिजांनी डिचोली आणि सत्तरी घेतली. १७८८ मध्ये कोल्हापूरकरांविरुद्ध मदत मिळावी म्हणून खेम सावंतांनी पेडणे महाल पोर्तुगिजांना लिहून दिला. घरच्या भांडणात बोलावलेल्या मदतनिसाची ती फी होती, आणि ती फिटायला १९६१ चा डिसेंबर उजाडावा लागला. एक गोष्ट मात्र नोंदवली पाहिजे. या नव्या काबिजादींत, म्हणजे नव्याने मिळवलेल्या मुलखात, पोर्तुगिजांनी जुन्या काबिजादींतल्यासारखी देवळे पाडली नाहीत. लोकांचा धर्म आणि चालीरीती सांभाळण्याचे वचन दिले, पुढे त्या चालीरीती लेखी केल्या, आणि १८८० मध्ये गोव्यातल्या हिंदूंच्या रीतिरिवाजांची संहिताच काढली. परका सत्ताधीश असला तरी इथल्या रूढीला कलमांत जागा द्यावी लागली, तेव्हाच त्याला इथे राज्य करता आले. सत्तरीच्या राण्यांची बंडे तरीही होतच राहिली, १८५२ चे दीपाजी राणे यांचे आणि १८९५ चे दादा राणे यांचे त्यांतली सर्वांत मोठी. त्यांवर या पुस्तकात स्वतंत्र प्रकरण असल्याने इथे थांबतो.

मध्यस्थाचे काम कुठे संपते हे गोव्यातल्या कोणत्याही देवस्थानाच्या महाजनाला ठाऊक असते. महाजनांत दोन तट पडले, पालखीला आधी खांदा कोणी द्यायचा यावरून जत्रा अडली, की मामलेदार येतो. १९३३ च्या देवस्थान कायद्याने त्याला देवळांचा प्रशासक केले आहे. तो गर्भकुडीच्या आणि दागिन्यांच्या पेटीच्या किल्ल्या ताब्यात घेतो, पंचनामा करतो, अंगणात पोलिस उभे करतो, आणि देवीचा उत्सव एकदाचा पार पडतो. हे काम त्यानेच करायला हवे, कारण त्या घटकेला दुसऱ्या कोणावर दोघांचाही विश्वास नसतो. पण मान कोणत्या घराण्याचा हे त्याने लिहून दिले तर ते प्रकरण कोर्टाच्या पायऱ्या चढत राहते. गावकार देवळात बसतात, जुन्या वह्या काढतात, भांडतात, कौल लावतात आणि स्वतः ठरवतात, तेव्हा ते पिढीभर चालते.

आपल्या देशाची राज्यघटनाही अशाच एका बाहेरच्या शिष्टाईतून सुरू झाली, हे आपण विसरतो. १९४६ च्या मार्चमध्ये पेथिक-लॉरेन्स, क्रिप्स आणि अलेक्झांडर हे तीन ब्रिटिश मंत्री आले. काँग्रेस आणि लीग यांचा मेळ बसेना, तेव्हा १६ मे रोजी त्यांनी स्वतःची योजना मांडली: दुबळे केंद्र आणि प्रांतांचे तीन गट. दोघांनीही ती मान्य केली आणि दोघांनीही तिचा अर्थ वेगळा लावला. ऑगस्टमध्ये कलकत्त्यात कत्तली सुरू झाल्या. योजना मोडली. पण तिच्यातली घटना समिती राहिली, आणि ९ डिसेंबर १९४६ रोजी ती लीगच्या रिकाम्या खुर्च्यांसमोर भरली. आठवड्याभरात मुकुंदराव जयकर उभे राहिले आणि त्यांनी उपसूचना मांडली की उद्दिष्टांचा ठराव आत्ताच मंजूर करू नका, लीग आणि संस्थानांचे प्रतिनिधी येईपर्यंत थांबा. सभागृह चिडले. दुसऱ्या दिवशी डॉ. आंबेडकर बोलले ते जयकरांच्या बाजूने. ठराव करण्याचा अधिकार आहे की नाही यापेक्षा तो आत्ता करणे शहाणपणाचे आहे का, हा त्यांचा सवाल होता. ठराव जानेवारीपर्यंत लांबवला गेला. लीग आली नाही, फाळणी टळली नाही. तरी या दोन मराठी माणसांनी त्या दिवसांत धरलेला आग्रह या पुस्तकाच्या विषयाचा गाभा आहे: गैरहजर माणसाची खुर्ची मोजल्याशिवाय घटना लिहू नये. मध्यस्थ परतल्यावर आपल्या समितीला जवळजवळ तीन वर्षे लागली. त्या दिरंगाईबद्दल आज कोणाची तक्रार नाही.

याच्या नेमके उलट टोक म्हणजे बोस्निया. सुमारे एक लाख माणसे मेल्यानंतर १९९५ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या रिचर्ड होलब्रूक यांनी तिन्ही बाजूंना ओहायो राज्यातल्या डेटनच्या वायुदल तळावर नेऊन तीन आठवडे जवळपास कोंडून ठेवले. बोस्नियातल्या सर्बांच्या वतीने सर्बियाचे मिलोशेविच बोलले, क्रोएटांच्या वतीने क्रोएशियाचे तुजमान. तह झाला, १४ डिसेंबरला पॅरिसमध्ये सह्या झाल्या, आणि त्या तहाचे चौथे परिशिष्ट हीच बोस्नियाची राज्यघटना ठरली. मूळ इंग्रजीत लिहिलेली, लोकांचे मत न घेता लागू झालेली. राष्ट्राध्यक्षपद तिघांचे: एक बोस्नियाक, एक क्रोएट, एक सर्ब. या तिघांत न बसणाऱ्या नागरिकाने काय करायचे, याचे उत्तर त्यात नाही. रोमा समाजाचे देर्वो सेय्दिच आणि ज्यू समाजाचे याकोब फिन्सी यांनी हाच प्रश्न युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात नेला आणि २००९ च्या डिसेंबरमध्ये जिंकला. दीड दशक उलटले, तरतूद तशीच आहे. ज्या तिघांना ती बदलायची आहे त्या तिघांच्याही खुर्च्या तिच्यावर उभ्या आहेत. डेटनने युद्ध थांबवले, ते पुन्हा पेटले नाही, आणि ज्यांची मुले वाचली त्यांच्यापुढे या टीकेला मर्यादा आहे हे मी जाणतो. होलब्रूक यांनी केले ते मामलेदाराचे काम उत्तम होते. त्यांनी मानाची वहीही स्वतःच लिहिली, तिथे चुकले.

सायप्रसची १९६० ची घटना अशीच ब्रिटन, ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्या तडजोडीतून आली आणि तीन वर्षांत कोसळली. अफगाणिस्तानबद्दल २००१ च्या डिसेंबरमध्ये बॉनला बोलणी झाली तेव्हा हरलेल्या तालिबानला बोलावलेच नव्हते. संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ लखदर ब्राहिमी यांनी पुढे ही चूक मान्य केली. २००४ ची घटना कागदावर चांगली होती. २०२१ च्या ऑगस्टमध्ये काय झाले ते सर्वांनी पाहिले.

श्रीलंकेत मध्यस्थ आपणच होतो, म्हणून ते प्रकरण लिहिताना हात जड होतो. २९ जुलै १९८७ रोजी कोलंबोत राजीव गांधी आणि जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या. तमिळांसाठी प्रांतिक परिषदा द्यायच्या असे ठरले आणि त्या वर्षीच श्रीलंकेच्या घटनेत तेरावी दुरुस्ती झाली. लढणाऱ्या तमिळ वाघांची त्या कागदावर सही नव्हती. सिंहली जनतेला तो कोलंबोवर लादलेला वाटला. काही आठवड्यांत आपली शांतिसेना ज्यांना वाचवायला गेली होती त्यांच्याशीच लढू लागली, आणि १९९० च्या मार्चमध्ये परत येईपर्यंत आपले अकराशेहून अधिक जवान मृत्युमुखी पडले. राजीव गांधींची हत्या त्यानंतरची. पुढे नॉर्वेने अधिक संयमाने प्रयत्न केला, २००२ मध्ये शस्त्रसंधीही घडवली. तीही टिकली नाही आणि २००९ च्या मे महिन्यात युद्ध रक्तातच संपले. तेरावी दुरुस्ती आजही घटनेत आहे आणि तिच्यातले पोलिस व जमिनीचे अधिकार प्रांतांना खऱ्या अर्थाने कधी मिळाले नाहीत. शेजाऱ्याने लिहायला लावलेले कलम घरचे लोक पुसत नाहीत आणि पाळतही नाहीत.

नेपाळने वेगळी वाट धरली, आणि या पुस्तकातले सर्वांत लांब प्रकरण त्यामुळेच नेपाळवर आहे. १९९६ मध्ये सुरू झालेल्या माओवादी युद्धात तेरा हजारांहून अधिक बळी गेले. राजाविरुद्ध सात पक्ष आणि माओवादी यांचा बारा कलमी समझोता २००५ च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीत झाला. भारताने जागा दिली, दारे उघडी ठेवली, पण टेबलाशी बसले ते नेपाळीच. वर्षभराने २१ नोव्हेंबर २००६ रोजी गिरिजाप्रसाद कोइराला आणि प्रचंड यांनी शांतता करारावर सह्या केल्या. संयुक्त राष्ट्रांना बोलावले ते नेमून दिलेल्या मोजक्या कामासाठी. माओवाद्यांची शस्त्रे छावण्यांमधल्या लोखंडी कंटेनरांत ठेवली गेली. प्रत्येक कंटेनरला कुलूप, कुलपाची किल्ली माओवाद्यांच्याच कमांडरकडे. बाहेर संयुक्त राष्ट्रांची नोंदवही, पहारा, आणि कोणी हात लावला तर वाजणारा भोंगा. सैन्यानेही तेवढीच शस्त्रे तशाच देखरेखीखाली ठेवली. सुरुवातीच्या दिवसांत पहाऱ्याला भारतीय आणि ब्रिटिश सैन्यातले निवृत्त गुरखे होते, नेपाळचीच माणसे. या व्यवस्थेत कोणी कोणाला शरण गेले नाही. स्वाभिमान शाबूत राहिला आणि बंदूक हातातून सुटली. इतकी बारीक, व्यवहारी बुद्धी दाखवणारा शांतता करार मी दुसरा वाचलेला नाही.

घटना मात्र संयुक्त राष्ट्रांनी लिहिली नाही. २००८ च्या एप्रिलमध्ये ६०१ सदस्यांची घटना समिती निवडून आली, तिच्यात जवळपास एक तृतीयांश स्त्रिया, शिवाय दलित, जनजाती, मधेशी, पूर्वी कधी सभागृह न पाहिलेली माणसे. समितीने मुदतीमागून मुदती घेतल्या, २०१२ मध्ये ती काहीही न लिहिता विसर्जित झाली, पुन्हा निवडणूक झाली. संयुक्त राष्ट्रांची तुकडी २०११ मध्येच परतली होती. अखेर २० सप्टेंबर २०१५ ला घटना जाहीर झाली ती भूकंपानंतरच्या घाईत, आणि तराईतल्या मधेशींना ती आपली वाटली नाही. सीमेवर महिनोन्‌महिने मालाचे ट्रक अडले, माणसे मेली. म्हणजे खोलीबाहेर कोणीतरी राहिलेच. पण भांडण आता बंदुकीचे उरले नव्हते. मतपेटीचे, दुरुस्तीच्या कलमांचे, रस्त्यावरच्या मोर्चाचे झाले होते. नऊ वर्षांची ती दिरंगाई मला नेपाळी जनतेची कमाई वाटते.

बाहेरचा मध्यस्थ मुळीच न घेता झालेले काम पाहायचे तर मिझोरम पाहावे. १९६६ मध्ये लालडेंगांच्या मिझो नॅशनल फ्रंटने उठाव केला, आपल्याच वायुदलाने ऐजॉलवर बॉम्ब टाकले, पुढे खेडीच्या खेडी उठवून रस्त्याकडेला वसवली गेली. वीस वर्षे हे चालले. त्या काळात दोन्हीकडे खेटे घालणारे होते ते मिझो चर्चचे धर्मगुरू. ३० जून १९८६ रोजी दिल्लीत करार झाला. एका बाजूला लालडेंगा, भारत सरकारच्या वतीने गृहसचिव राम प्रधान. एकेकाळी यशवंतराव चव्हाणांचे खासगी सचिव असलेल्या या मराठी अधिकाऱ्याचा तो नोकरीतला शेवटचा दिवस होता. काँग्रेसचे मुख्यमंत्री लालथनहवला यांनी खुर्ची सोडली आणि कालचा बंडखोर मुख्यमंत्री झाला. करारातली वचने घटनेच्या ३७१-छ या अनुच्छेदात गेली: मिझोंच्या धार्मिक-सामाजिक चालीरीती, त्यांचा रूढिगत कायदा आणि जमिनीची मालकी यांवर संसदेचा कायदा त्यांच्या विधानसभेच्या ठरावाशिवाय लागू होणार नाही. गोव्याचा अनुच्छेद त्याच मालिकेत थोडा पुढे आहे, ३७१-झ. त्यात आपल्या विधानसभेत निदान तीस सदस्य असावेत एवढेच सांगितले आहे. हा फरक गोमंतकीय वाचकाने ध्यानात घ्यावा. मिझोंनी त्या ओळींची किंमत फार मोठी मोजली होती. आणि तिथेही हमार समाज बाहेर राहिला, त्यांचे आंदोलन पेटले, त्यांच्याशी १९९४ मध्ये वेगळा करार करावा लागला.

आमच्या वाट्याला रक्ताविना असा निवाडा आला. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोवा महाराष्ट्रात जावा की वेगळा राहावा हे लोकांनी ठरवले. मतदान निःपक्षपाती व्हावे म्हणून भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने आधी राजीनामा दिला. पेडणे, डिचोली, सत्तरी हे तालुके विलीनीकरणाच्या बाजूने होते; एकूण गोव्यात तो पक्ष सुमारे ३४ हजार मतांनी हरला. हरलेल्यांनी निकाल मानला, कारण कोणत्या नियमाने मोजायचे हे मोजण्याआधी सर्वांनी मान्य केले होते. त्यानंतर बांदोडकर पुन्हा निवडून आले आणि मुख्यमंत्री झाले. मी वाढलो त्या भागात या पराभवाची खंत अजून ऐकू येते, पण त्या कौलावरून कोणी कोणाचे घर जाळलेले नाही.

पुढच्या प्रकरणांत देशांची नावे खूप येतील, कराराच्या तारखा येतील, परिशिष्टांची परिशिष्टे येतील. ती वाचताना प्रत्येक ठिकाणी तीन गोष्टी शोधाव्यात अशी विनंती आहे. मध्यस्थाला स्वतःला काय हवे होते. सही करायला कोण नव्हते. आणि मध्यस्थ घरी गेल्यावर किल्ली कोणाकडे राहिली. मणिपुरात ३ मे २०२३ पासून अडीचशेहून अधिक माणसे मारली गेली, साठ हजारांच्या आसपास लोक घरांना मुकले, मैतेई आणि कुकी-झो यांच्या वस्त्यांमध्ये सुरक्षा दलांचे पहारे उभे राहिले. आज ना उद्या तिथेही एखादा कागद टेबलावर येईल आणि त्याच्या बातम्या मराठी वर्तमानपत्रांत छापून येतील. त्या दिवशी सह्या करणाऱ्यांच्या छायाचित्रावर समाधान न मानता, कलमे मागून घ्या आणि ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

मुळगाव, डिचोली